हिरडा उतरला, चहा चढला

विलायतेत राहणाऱ्या आपल्या नातेवाईकांना "तिथली माणसं कशी आहेत हो?" असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. रांगेत शिस्तीनं उभे राहतात. हवेबद्दल बोलतात. काहीही झालं, आनंद असो की दुःख, आधी चहाचं आधण ठेवतात. आणि बूट अगदी चकचकीत ठेवायचे, म्हणजे जुन्या पिढीतले तरी. माझी मामेबहीण गेली अनेक वर्षं लेस्टरला आहे, तीही हेच सांगते. वर एक पुस्ती जोडते, "हे सगळं आता कमी होत चाललंय हं! नवी मुलं कॉफी पितात आणि कापडी बूट घालतात."

आता तिथली नवी मुलं काय पितात याच्याशी आपल्याला काय करायचंय, असं तुम्ही म्हणाल. मलाही एरवी फरक पडला नसता. पण आहुप्याला दोन-चारदा जाणं झालं आणि तिथल्या हिरड्याच्या झाडांबद्दल थोडं वाचन झालं, तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. इंग्रजांच्या ज्या सवयी आपण 'अस्सल विलायती' म्हणून सांगतो, त्यांतल्या दोन मोठ्या सवयींचे धागे आपल्याच डोंगरांत येऊन अडकलेले आहेत. एक बुटांची, दुसरी चहाची. एक वस्तू डोंगर उतरून गेली, दुसरी डोंगर चढून आली. आज त्याबद्दलच लिहितो. जरा लांबण लागेल, पण मंडळी, तुम्हाला सवय आहे. :-)

आधी आहुपे कुठे आहे ते सांगतो, कारण ट्रेकर मंडळी सोडली तर बऱ्याच पुणेकरांनाही ते माहीत नसतं. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरला वळायचं, घोडेगाव मागे टाकायचं, डिंभे धरण लागलं की पाण्याच्या कडेकडेनं, वळणं घेत घेत शेवटपर्यंत जायचं. रस्ता जिथे संपतो तिथे आहुपे. आंबेगाव तालुक्याचं पश्चिमेचं टोक, सह्याद्रीच्या ऐन धारेवर. घोड नदीचा उगम याच परिसरातला. गावापलीकडे कड्यावर उभं राहिलं की खाली सगळं कोकण, म्हणजे मुरबाड तालुका, आणि समोर गोरखगड, मच्छिंद्रगड, सिद्धगड. गावाला भैरवनाथाची देवराई आहे. वस्ती प्रामुख्यानं महादेव कोळ्यांची. आणि कड्यावरून खाली खोपिवलीला उतरणारी जुनी पायवाट, तोच आहुपे घाट.

या घाटवाटा काही आजच्या नाहीत. इथून उत्तरेला, जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये 'यवन' म्हणवणारे लोकही आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा देशावरचा माल घाट उतरून बंदराला लागत होता आणि समुद्रापलीकडची माणसं घाट चढून वर येत होती. ब्रिटिश आले ते या चालू रस्त्यावर आले. त्यांनी फक्त मालाचा वेग वाढवला. १८५४ साली रेल्वे कल्याणपर्यंत पोचली आणि घाटाखालचा मुलूख मुंबई बंदराला रुळांनी जोडला गेला.

आता हिरड्याकडे येतो.

हिरडा आपल्याला माहीत असतो तो त्रिफळा चूर्णातला. हिरडा, बेहडा, आवळा. पोटाचं औषध. पण पिकलेल्या हिरड्याच्या वाळलेल्या गरात साधारण तिसरा हिस्सा टॅनिन असतं, म्हणजे तो तुरट पदार्थ जो कच्च्या कातड्याला कुजू देत नाही, त्याचं चामडं करतो. आपल्याकडे हे ज्ञान जुनं होतं. कातडी कमावणारे ढोर समाजाचे लोक बाभळीची साल आणि हिरडा वापरून हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत होते. गावानं त्यांची मोट वापरली, त्यांच्या चामड्याच्या वहाणा वापरल्या, आणि त्यांना गावाबाहेर ठेवलं. हेही याच इतिहासात आलं पाहिजे.

इंग्लंडात कातडं कमवायला ओकच्या झाडाची साल वापरत. काम चांगलं होई, पण फार सावकाश. जाड तळव्याचं कातडं तयार व्हायला वर्ष-वर्ष लागे. एकोणिसाव्या शतकात तिथे शहरं वाढली, पगारी माणूस वाढला, यंत्रावर बूट शिवायला लागले. पूर्वी जो वर्षानुवर्षं एकच जोड दुरुस्त करकरून वापरायचा, त्याला रविवारी चर्चला घालायला वेगळा जोड हवासा वाटू लागला. शाळेची दप्तरं, घोड्यांचे लगाम-खोगीर, कारखान्यातल्या यंत्रांचे पट्टे, पुस्तकांच्या बांधण्या, लष्कराचे बूट, सगळं चामड्याचं. एवढी ओकची साल आणायची कुठून? मग जगभरातून तुरट वस्तू गोळा होऊ लागल्या. तुर्कस्तानातून, मलायातून, आणि हिंदुस्थानातून हिरडा. एकट्या हिरड्यानं कमावलेलं चामडं जरा भुसभुशीत होतं, पण दुसऱ्या सालींत मिसळला की रंग उजळ येतो आणि खर्च कमी होतो. त्यामुळे त्याला कायम मागणी.

लंडनच्या व्यापाऱ्यांनी हिरड्याच्या प्रती पाडल्या होत्या आणि त्यांना आपल्याकडच्या गावांची नावं दिली होती. भीमलीपट्टणमचा तो 'भिमली', जबलपूरचा 'जबलपूर', वेंगुर्ल्याचा तो 'विंगोर्ला'. गंमत आहे की नाही? वेंगुर्ल्याचं नाव लंडनच्या कातडे बाजारात रोज घेतलं जायचं, आणि वेंगुर्ल्याच्या माणसाला त्याचा पत्ता नाही! मुंबई हे या व्यापाराचं मोठं बंदर होतं. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या सरकारी गॅझेटियरात जंगलाच्या उत्पन्नामध्ये हिरड्याची नोंद आहे. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या पश्चिमेकडचे हे डोंगर म्हणजे हिरड्याचेच डोंगर.

माल उतरायचा लंडनला आणि तिथल्या कातड्याच्या मोठ्या पेठेत, थेम्सच्या दक्षिणेला बर्मंडसी नावाच्या भागात जायचा. तिथल्या रस्त्यांची नावं आजही 'टॅनर स्ट्रीट', 'लेदरमार्केट स्ट्रीट' अशी आहेत. बूट शिवण्याचं गाव नॉर्दॅम्प्टन. आणि कातडी कमावण्याचं शास्त्र शिकवायला लीड्सला १८९१ साली प्रॉक्टर नावाच्या गृहस्थांच्या हाताखाली स्वतंत्र विभागच निघाला. आपल्या डोंगरात जे काम हातानं, नाकानं आणि आजोबांच्या सांगण्यावरून चालायचं, त्याचं तिथे रसायनशास्त्र झालं.

या सगळ्या साखळीत हिरडा गोळा करणारा माणूस कुठे होता? तो जंगलात होता, पण जंगल आता त्याचं नव्हतं. १८७८ च्या जंगल कायद्यानं सरकारनं राखीव जंगलं आखायला घेतली आणि ज्या रानात वाडवडिलांपासून फिरायचं त्याच रानात शिरायला परवानगी लागू लागली. त्याआधी याच महादेव कोळ्यांनी इंग्रजांविरुद्ध बंडं केली होती. राघोजी भांगरे यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. इतिहासाच्या पुस्तकात बंड येतं, फाशी येते. पण बंड मोडल्यानंतर त्याच माणसांनी पाटी-टोपली घेऊन हिरडे वेचले, ते ज्या भावानं घेतले त्या भावानं विकले, आणि त्यातून कुठल्या तरी अनोळखी माणसाचे बूट तयार झाले, ही गोष्ट कुठल्या पुस्तकात येत नाही.

आता चहा.

चहा इंग्रजांचा नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी आपण विसरतो. सतराव्या शतकात तो चीनमधून तिकडे गेला, श्रीमंतांचं पेय म्हणून. कर इतका जबर की चोरटा चहाच जास्त खपायचा. १७८४ साली पार्लमेंटनं हा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चहा सामान्य घरांत शिरला. कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या राबण्यातून तयार झालेली साखर त्यात पडू लागली. गिरणीत बारा-चौदा तास उभं राहणाऱ्या मजुराला गरम, गोड, स्वस्त असं काहीतरी मिळालं. दारूबंदीवाल्यांनी उचलून धरला. घरंदाज बायकांनी दुपारच्या चहाचा समारंभ केला. अशी ती 'राष्ट्रीय' सवय घडली. आणि बरं का, तेही पूर्वी बशीत ओतून प्यायचे! नंतर ते गावंढळ ठरलं. आपल्याकडे भुरका मारणाऱ्या मंडळींनी ओशाळायचं काही कारण नाही.

मग चिनी चहाला पर्याय म्हणून आसाम. १८३९ साली आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये झाला आणि पन्नासेक वर्षांत तिथल्या बाजारात हिंदुस्थानी चहानं चिनी चहाला मागे टाकलं. मळ्यांवर राबायला माणसं आणली ती मुख्यतः छोटा नागपूरच्या पठारावरून, करारानं बांधून. मुंडा, उरांव, संथाळ. आदिवासीच.

इथे मला थांबायला झालं. सकाळी चकचकीत बूट घालून कामाला निघालेला, चारच्या सुमाराला चहाचा कप हातात घेतलेला १९०० सालचा तो लंडनचा कारकून डोळ्यांपुढे आणा. त्याच्या कपातला चहा आसामात एका आदिवासी बाईनं खुडलेला. त्याच्या बुटाच्या चामड्यात हिरडा असलाच, तर तोही बहुधा कुठल्या तरी डोंगरातल्या आदिवासीनं वेचलेला. त्याला वाटतंय, आपण किती साधं, घरगुती, अगदी इंग्रज आयुष्य जगतोय. तो खोटं बोलत नाहीये. त्याला दिसतच नाहीये. सवयीचा स्वभावच असा आहे, ती झाली की तिच्यामागचे हात दिसेनासे होतात.

आणि आपण तरी वेगळे कुठे होतो? पुण्यातला चहाचा किस्सा आठवा. ऑक्टोबर १८९०. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव जोशी यांनी पंचहौद मिशनमध्ये पुण्यातल्या नामवंतांना बोलावलं. रानडे, टिळक, गोखले, सगळे. कार्यक्रम झाल्यावर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. काही जण प्यायले, काहींनी कप नुसता घेऊन बाजूला ठेवला. गोपाळरावांनी उपस्थितांची नावंच 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि गहजब झाला! ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून ग्रामण्य. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारक मंडळी त्यांच्यावर नाराज झाली. एका कपासाठी दोन वर्षं पुणं पेटलेलं होतं.

लक्षात घ्या, भांडण चहाशी नव्हतं, चहा कुणाच्या हातून आला याच्याशी होतं. पुढे जेव्हा चहाची दुकानं गावोगाव झाली तेव्हाही हाच प्रश्न राहिला. कितीतरी गावांत दलितांचा कप वेगळा, बाहेर खुंटीला किंवा वळचणीला, ज्याचा त्यानं विसळायचा. म्हणजे हात आपल्याला दिसतात, पण विटाळ मोजण्यापुरते. कष्ट मोजायची वेळ आली की आपणही त्या लंडनच्या कारकुनासारखेच.

चहा घाटावर चढला तो काही आपोआप नाही. तो चढवला गेला. १९०३ साली चहाच्या निर्यातीवर एक छोटी पट्टी बसवली गेली, मळेवाल्यांच्याच मागणीवरून. हेतू हा की त्या पैशातून जगभर चहाची जाहिरात करावी. १९३० च्या दशकात जागतिक मंदीनं परदेशातला खप थंडावला, तेव्हा या मंडळींचं लक्ष घरच्या गिऱ्हाइकाकडे वळलं. मग रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करावा याच्या चित्रमय पाट्या, बाजारात फुकट चहाच्या गाड्या, घरोघरी जाऊन करून दाखवणारी माणसं. आज आपण पाहुण्याला चहा विचारला नाही तर अपमान समजतो. हा 'आपला संस्कार' शंभर वर्षांचासुद्धा नाही हो! तो आपल्याला रीतसर विकलेला आहे.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा एक तरुण, बाबू गेनू, मुंबईला गिरणीत कामाला होता. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विलायती कापडाचा ट्रक अडवायला तो आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. आहुप्याला जाताना ज्या डिंभे धरणाच्या कडेनं आपण जातो, त्या जलाशयाला आज त्याचंच नाव आहे, हुतात्मा बाबू गेनू सागर. (त्याच पाण्याखाली जुनं आंबेगाव आहे. तालुक्याला नाव देणारं गाव बुडालं, पाणी ओसरलं की जुनी देवळं वर दिसतात.) मँचेस्टरचं कापड ओळखू येत होतं, ते अडवता आलं. चहाचं काय करणार? पान हिंदुस्थानातलं, मळा साहेबाचा, मजूर आदिवासी, दूध-साखर घरची. स्वदेशी म्हणायचं की विदेशी? गांधीजींनी चहाविरुद्ध लिहिलं. लोकांनी ते ऐकलं आणि चहा पिता पिता ऐकलं.

पुण्यात १९२० च्या दशकापासून राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी 'अमृततुल्य' उभी केली आणि गवती चहा-वेलदोडा घालून तो पुणेरीच करून टाकला. मुंबईत इराण्यांनी. आसामातच निघालेल्या सी.टी.सी. यंत्रानं बारीक, कडक, स्वस्त दाणेदार पावडर आली, थोड्या पावडरीत जास्त कप. मग तो खऱ्या अर्थानं सगळ्यांचा झाला. डोंगराकडच्या घरांत तो पोचला तो गिरणीतून, हमालीतून सुट्टीला येणाऱ्या माणसांबरोबर आणि बाजारच्या पिशवीतून. दूध नसेल तर कोरा. गूळ असेल तर गुळाचा. आहुप्याकडच्या घरात पाण्याच्या तांब्यापाठोपाठ चहा येतो, तो नको म्हणता येत नाही.

आता मामेबहिणीच्या त्या पुस्तीकडे वळतो. तिचं म्हणणं आकड्यांनीही खरं ठरतं. ब्रिटनमधल्या घरगुती खरेदीच्या सरकारी पाहणीप्रमाणे १९७४ मध्ये माणशी आठवड्याला ६८ ग्रॅम चहा विकत घेतला जायचा. २०१४ मध्ये तो २५ ग्रॅमवर आला. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, चहाचं रेशन सुरू झालं तेव्हा माणशी दोन औंस मिळायचा, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. म्हणजे बाँबवर्षावात, टंचाईत जेवढा चहा मिळत होता, त्याच्या निम्माही आता भरल्या दुकानांतून घरी आणला जात नाही! रेशनिंग १९५२ पर्यंत चाललं. लोकांनी कुरकुर केली पण कप सोडला नाही. टंचाईनं जे झालं नाही ते आवड बदलल्यानं झालं.

एके काळी ही सवय केवढी होती याचा एक दाखला देतो. ४ जुलै १९९० ला विश्वचषक फुटबॉलचा इंग्लंड-पश्चिम जर्मनी उपांत्य सामना संपला आणि देशभर सगळ्यांनी एकदम उठून किटल्या लावल्या, दिवे लावले. विजेची मागणी काही मिनिटांत २८०० मेगावॉटनं उसळली. आपल्या सगळ्या कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट आहे. म्हणजे दीड कोयना नुसत्या त्या एका आधणात!

आता जागोजागी कॉफीची दुकानं. चहाच्या नामांकित ब्रिटिश कंपन्यांचे मालक बदलले. टेटली २००० साली आपल्या टाटांनी घेतली. टायफू २०२४ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बर्मंडसीत कातड्याचा वास राहिला नाही, जुन्या बाजाराच्या इमारतीत कचेऱ्या नि स्टुडिओ आहेत. बुटांचं तर त्याही आधी बदललं. १८८४ साली क्रोमच्या क्षारांनी कातडं कमावण्याचं पेटंट निघालं, वर्षाचं काम दिवसांवर आलं. मग आफ्रिकेतल्या वॅटलची साल आली. मग रबराचे तळवे, मग कापडी आणि प्लॅस्टिकचे बूट. हिरड्याची गरज उरली नाही असं नाही, पण तो मोठा बाजार ओसरला.

तिकडे हा बदल कसा झाला? कुणी तरी दुकानात दुसरा जोड उचलला. कुणी तरी म्हटलं, आज कॉफी घेऊ या. एवढंच. त्यात कुणाचा दुष्टपणा नाही. पण कोट्यवधी माणसांचं ते 'एवढंच' एकत्र झालं की हजारो मैलांवर भाव पडतो, आणि भाव का पडला हे वेचणाऱ्याला कुणी कळवत नाही. व्यापारी म्हणतो, "यंदा माल उठत नाही." बस.

आज आहुप्याच्या आसपास हिरडा निघतो तो मुख्यतः बाळहिरडा, औषधांसाठी. एप्रिल-मे मध्ये, पाऊस यायच्या आत, कोवळी फळं झाडावर चढून काढायची, उन्हात वाळवायची, काळी कुळकुळीत झाली की विकायची. उंच झाडं, तोल गेला तर हाड मोडतं नाही तर जीव जातो. खरिपाचं बियाणं, मुलांच्या शाळा, घरातलं लग्न, पुष्कळ काही या दोन महिन्यांच्या पैशावर अवलंबून. आदिवासी विकास महामंडळ खरेदी करतं तेव्हा भावाला थोडा आधार असतो, नाहीतर खासगी व्यापारी म्हणेल तो भाव. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावरचा हक्क कागदावर तरी परत मिळाला. १८७८ नंतर सव्वाशे वर्षांहून जास्त काळानं.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं. रायगडातली पडझड टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली. त्याच वाऱ्यानं जुन्नर-आंबेगाव-खेडच्या पश्चिम पट्ट्यातली हिरड्याची झाडं मोडली, उन्मळली. हिरड्याचं झाड लावल्यापासून चांगलं उत्पन्न द्यायला वर्षानुवर्षं जातात, म्हणजे एका रात्रीत पुढच्या पिढीचं उत्पन्न गेलं. भरपाईसाठी या लोकांना नंतर काही वर्षं मोर्चे काढावे लागले, आंदोलनं करावी लागली. आंबा-काजू-नारळाचं नुकसान चटकन डोळ्यांत भरतं. हिरड्याचं भरत नाही, कारण तो कुणाच्या ताटात दिसत नाही. चूर्णाच्या डबीवर झाडाचं चित्र असतं, चढणाऱ्याचं नसतं.

आता आपण विलायतेच्या जागी आहोत, हा माझा मुद्दा आहे. शंभर वर्षांपूर्वी हिरडा लंडनच्या माणसाच्या सवयीवर चालायचा. आता तो पुण्या-मुंबईच्या, दिल्लीच्या, आणि हो, लेस्टरच्याही, आयुर्वेदिक औषधं घेणाऱ्या माणसाच्या सवयीवर चालतो. उद्या आपली आवड बदलली, चूर्णाऐवजी गोळी बरी वाटू लागली, तर आहुप्याला ते कोण कळवणार? इंग्रजांनी लुटलं हे खरंच आहे, ते म्हणायला मला संकोच नाही. पण ते गेले, आणि डबी विकत घेताना भाव विचारणारे आपण 'वेचणाऱ्याला किती मिळाले' हे अजून विचारत नाही. तो प्रश्न विचारणं इंग्रज कारकुनाला अवघड होतं, मध्ये सात समुद्र होते. आपल्या मध्ये फक्त मंचरचा फाटा आहे.

पंचहौदला चहा घेणाऱ्यांची नावं छापून आली म्हणून त्या एका दुपारचा इतिहास आपल्याला मिळाला. बाकी सवयींचा इतिहास असा कुणी छापत नाही. तो घरांत असतो, आणि म्हाताऱ्या माणसांबरोबर जातो. तेव्हा एक विनंती. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला या आठवड्यात विचारा, आपल्या घरात चहा पहिल्यांदा कधी आला? कुणी आणला? आधी पाहुण्याला काय देत होते? पायात पहिली चप्पल, पहिला बूट कधी आला, कुणी शिवला, त्या माणसाला ओसरीवर येऊ देत होते का? जे सांगतील ते तारखेसकट लिहून ठेवा, आणि जमलं तर मलाही कळवा. विशेषतः जुन्नर-आंबेगावकडची मंडळी असतील त्यांनी. हिरड्याला तुमच्या लहानपणी काय भाव मिळत होता, तो आकडा मला फार हवा आहे.